जुन्या फियाटचं छत उतरवताना

प्रीमिअर पद्मिनीत बसून वर पाहिलं की फिकट रंगाचं रेक्झिन आणि त्यावरच्या आडव्या शिवणी दिसतात. हे रेक्झिन पत्र्याला चिकटवलेलं असावं, असा बहुतेकांचा समज. प्रत्यक्षात ते पत्र्याखाली टांगलेलं असतं. प्रत्येक शिवणीच्या मागे, आपल्याला न दिसणाऱ्या बाजूला एक नेफा शिवलेला असतो. नाडीऐवजी त्यात कमानीसारखी वाकवलेली पोलादी तार असते आणि तारेची दोन्ही टोकं छताच्या दोन बाजूंच्या भोकांत बसलेली असतात. ही रचना ध्यानात न घेता कुणी खालून ओढायला लागला, तर रेक्झिन फाटतं आणि तारांचा आकारही जातो.

ही काही फियाटची मिरास नव्हे. अँबेसडर घ्या, फोक्सवॅगनची बीटल घ्या, त्या पिढीच्या बहुतेक गाड्यांची छतं अशीच टांगलेली. पण आपल्याकडे हातात येते ती बहुधा फियाट. इटलीत १९५३ साली अवतरलेल्या ११०० या गाडीची ‘डिलाइट’ आवृत्ती १९६४पासून कुर्ल्याला प्रीमिअर ऑटोमोबाइल्सच्या कारखान्यात तयार होऊ लागली, सत्तरच्या दशकात ती पद्मिनी झाली आणि नावं बदलली तरी अंगकाठी तीच राहिली. मुंबईत शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेवच्या आरटीओत नोंदली गेली. वीस वर्षांची मुदत भरल्यावर ३० ऑक्टोबर २०२३पासून या टॅक्स्या रस्त्यावरून गेल्या. उरल्यात त्या हौशी मंडळींच्या.

टॅक्सीवाल्यांनी या छतांचे फार लाड केले. फुलाफुलांचं कापड, चकचकीत रेक्झिन, जे आवडेल ते वर चढवलं. २०१५मध्ये ‘टॅक्सी फॅब्रिक’ या उपक्रमातून तरुण चित्रकारांनी खास रेखाटलेली कापडं मुंबईच्या टॅक्स्यांच्या सीटना आणि छतांना लावली, तेव्हा प्रवाशांच्या माना आपोआप वर वळल्या. हे वरचे थर सोलून काढताना कित्येकदा खाली मूळ अस्तर तसंच सापडतं. काळवंडलेलं असतं, पण पुढे मापासाठी तेच कामाला येतं.

आता खरी अडचण. कारखान्यात गाडीला आधी छताचं अस्तर लागतं आणि मग काचा बसतात. अस्तराच्या पुढच्या-मागच्या कडा काचेच्या चौकटीवर दुमडून सोल्यूशननं चिकटवतात आणि त्यांच्यावर काचेचं रबर येतं. म्हणजे छत नीट उतरवायचं तर पुढची आणि मागची काच काढल्यावाचून गत्यंतर नाही. काच न काढता रबराखाली कडा खुपसून देणारे कारागीर आहेत, काम स्वस्तातही होतं, पण ओढ कुठे बसत नाही आणि उन्हाळा आला की पोट सुटल्यासारखं अस्तर खाली येतं. जुनं रबर दगड झालेलं असतं. ते सरळ ब्लेडनं कापावं. रबर मिळतं, जुन्या गाडीची काच शोधत हिंडावं लागतं. तरी रबर वाचवायला जाऊन काच घालवणारे काही कमी नाहीत.

काचा निघाल्या की बॅटरीची वायर सोडून दिवा काढायचा, मग सनवायझर, आरसा, हँडल. दारांच्या वरची पाइपिंग ओढली की बाजूच्या कडा मोकळ्या होतात. राहतात तारा. एकेक तार हळूच मागे-पुढे झुलवली की टोक भोकातून सुटतं. इथे घाई नको. सगळ्या तारा दिसायला सारख्या, पण प्रत्येकीची लांबी वेगळी, बाकही वेगळा. सुटल्याबरोबर कागदी टेप लावून तिच्यावर आकडा आणि पुढच्या बाजूचा बाण काढावा. टोक कोणत्या भोकात होतं तेही लिहावं, कारण काही गाड्यांत एका तारेसाठी जवळजवळ दोन-तीन भोकं असतात आणि भोक चुकलं की छत एका बाजूला कलतं.

नाकाला फडकं बांधायचं ते आता. तारांच्या वर नमदा किंवा कापसाचा थर असतो, त्याचा भुगा डोक्यावर कोसळतो, कधी उंदराचं घरटंही. पत्रा उघडा पडला की पावसाच्या पन्हळीलगतचा गंज दिसतो, आणि डेंटिंगवाल्याला बोलावायची वेळ हीच. नवं अस्तर लागल्यावर वेल्डिंगची ठिणगी म्हणजे सगळ्यावर पाणी. तारांनाही पॉलिशपेपर मारून प्रायमर लावावा. गंजकी तार तशीच आत सरकवली, तर नव्या रेक्झिनवर तपकिरी रेघ उमटते आणि ती पुसून जात नाही.

उतरवलेलं अस्तर टाकायचं नाही. तोच नव्याचा नमुना. मधली रेघ आखून घ्यावी, मग शिवणी उसवाव्यात. मात्र जुन्या रेक्झिनमधला मऊपणा वर्षानुवर्षं उडून गेलेला असतो, त्यामुळे ते आटलेलं असतं. कडांना दोन-तीन इंच जास्त सोडलं नाही, तर नवं छत हमखास तोकडं पडतं.

नंतरच्या गाड्यांची गोष्ट वेगळी. तिथे साच्यात दाबलेला आख्खा पुठ्ठा असतो आणि त्यावर पातळ फोम लावलेलं कापड. कापड लोंबायला लागलं की लोक सोल्यूशनला दोष देतात. खरा दोष फोमचा. उष्णतेनं आणि दमटपणानं त्याचा भुगा होतो, आणि भुग्यावर काहीच चिकटत नाही. म्हणूनच टाचण्या आणि गोंदाची सुई हे चार दिवसांचे खेळ. पुठ्ठा न मोडता बाहेर काढून, घासून, नवं फोमचं कापड लावणं हाच उपाय.

फियाटकडे परतायचं तर नवं अस्तर आधी उन्हात टाकून मऊ करावं. तारा नेफ्यात ओवून जागच्या जागी बसवल्या की ओढ मधोमध द्यायची, आधी पुढे-मागे, मग बाजूंना. नेफ्याची टोकं थोडी थोडी कातरत जावं. एकदम कातरली तर कापड सैल पडतं आणि कातरलीच नाहीत तर कोपऱ्यात चुणी राहते. कडा आधी चिमट्यांनी धरून पाहाव्यात, चिकटवणं शेवटी.

काचेला नवं रबर चढवून त्याच्या आतल्या खाचेत दोरी फिरवतात आणि साबणाचं पाणी लावतात. एक जण बाहेरून काच दाबून धरतो, दुसरा आत बसून दोरी ओढत जातो, तशी रबराची ओठी चौकटीवर चढत जाते. त्यानंतर दिवा, वायझर लावायची घाई करू नये. आधी टपावर पाण्याचा पाइप सोडून काचेच्या वरचे कोपरे आतून हातानं चाचपावेत. ओल लागली तर काच पुन्हा काढावी लागेल, आणि त्या वेळी दिव्याच्या वायरी मोकळ्या असलेल्या बऱ्या.