रक्तगट, गुठळी आणि पक्षाघात

खेळताना गुडघा खरचटतो, रक्त येते आणि काही मिनिटांत आपोआप थांबते. तेवढ्या वेळात जखमेपाशी मोठीच धावपळ चाललेली असते. रक्तपट्टिका तेथे चिकटतात, रक्तातील अनेक प्रथिने एकामागून एक कामाला लागतात आणि शेवटी फायब्रिनच्या धाग्यांचे जाळे विणले जाऊन रक्त साकळते. या प्रथिनांपैकी अनेकांना शास्त्रज्ञांनी क्रमांक दिले आहेत : आठवा घटक, अकरावा घटक, असे.

पण अशीच गुठळी मेंदूला रक्त पुरविणाऱ्या रोहिणीत अडकली तर? पुढच्या भागाला प्राणवायू मिळत नाही, पेशी मरू लागतात आणि माणसाला पक्षाघात होतो. (रोहिणी फुटूनही पक्षाघात होतो, तो प्रकार वेगळा.) म्हणजे रक्त साकळले नाही तरी पंचाईत आणि नको तेथे साकळले तरी पंचाईत!

आता तुमचा रक्तगट आठवा. त्याचाही येथे संबंध आहे. १९२६ साली फिनलंडमधील डॉक्टर एरिक फॉन विलेब्रांट यांनी एका कुटुंबातील आनुवंशिक रक्तस्रावाच्या रोगाचे वर्णन केले. या रोगात जे प्रथिन उणे असते, त्याला पुढे त्यांचेच नाव मिळाले. हे प्रथिन रक्तपट्टिकांना जखमेवर चिकटवते आणि आठव्या घटकाला रक्तात सांभाळून ठेवते. ‘ओ’ गटाच्या निरोगी माणसांत ते इतरांपेक्षा सरासरीने सुमारे २५ टक्के कमी असते. ‘ए’ व ‘बी’ गट ठरविणाऱ्या शर्करा तांबड्या पेशींप्रमाणे या प्रथिनावरही असतात. ‘ओ’ गटात त्या नसतात आणि तसे प्रथिन रक्तातून लवकर नाहीसे होते.

पक्षाघात झालेल्यांच्या रक्तात हे प्रथिन वाढलेले आढळते. मग तेच कारण म्हणावे काय? थांबा! रस्त्यावर छत्र्या उघडल्या म्हणून पाऊस पडला, असे आपण म्हणत नाही. आजारामुळेही हे प्रथिन वाढते. आधी काय आणि नंतर काय, हे कसे ठरवायचे?

येथे आनुवंशिकता मदतीला येते. आईवडिलांकडून कोणते जनुक मिळणार, हे नाणे उडवल्यासारखे, जन्मापूर्वीच ठरते. पुढे होणारा आजार ते बदलू शकत नाही. म्हणून ज्यांच्यात जन्मतःच एखादा घटक कमी किंवा जास्त, त्यांच्यात पक्षाघाताचे प्रमाण किती, हे मोजायचे. अशा पाहणीत ‘ओ’ नसलेल्या गटांत गुठळीमुळे होणाऱ्या पक्षाघाताचा धोका किंचित अधिक दिसतो.

अकराव्या घटकाचे उदाहरण तर फारच बोलके आहे. हा घटक जन्मतः अत्यंत कमी असलेल्या, ४५ वर्षे व त्यावरील ११५ जणांची इस्राएलमधील पाहणी २००८ साली प्रसिद्ध झाली. सर्वसाधारण लोकसंख्येच्या हिशेबाने त्यांच्यापैकी आठ-नऊ जणांना गुठळीचा पक्षाघात व्हायला हवा होता. प्रत्यक्षात झाला एकालाच! आणि या लोकांना एरवी रक्तस्रावाचा त्रासही बहुधा शस्त्रक्रिया किंवा दात काढणे अशा प्रसंगीच होतो. त्यामुळे या घटकाला आवर घालणारी औषधे शोधण्याला मोठे बळ मिळाले.

मात्र रक्तगट पाहून कोणी घाबरू नये, की ‘ओ’ गटाच्या माणसाने निर्धास्तही राहू नये. रक्तगटापेक्षा वाढलेला रक्तदाब आणि तंबाखू कितीतरी अधिक घातक आहेत, आणि ते आपल्या आटोक्यातले आहेत. घरात कोणाचे तोंड अचानक वाकडे झाले, एक हात लुळा पडला किंवा बोलणे अडखळू लागले, तर क्षणभरही न थांबता रुग्णालय गाठा. गुठळी विरघळवणारे औषध पहिल्या काही तासांतच उपयोगी पडते. जनुके आपण निवडली नाहीत. पण ते तास वाया घालवायचे की नाहीत, हे आपल्याच हाती आहे.