तुरुंगात बायका जास्त नियम मोडतात का?

तुरुंगाचा आणि आरोग्याच्या सदराचा काय संबंध, असे काही वाचकांना वाटेल. संबंध आहे, आणि चांगलाच जवळचा आहे. मुकाट्याने शिस्त पाळता येणे हे बऱ्याच अंशी झोप, वेदना, भीती आणि मनाची स्थिती यांवर अवलंबून असते. चार रात्री झोप न झालेला माणूस घरीसुद्धा वसकन अंगावर येतो. मग बराकीत तर विचारायलाच नको.

सर्वसाधारण समज असा, की तुरुंगातले पुरुष दांडगट आणि बायका गरीब. मारामारी, हत्यार लपवणे, टोळ्या करून दहशत बसवणे यांबाबत तो खराही आहे. पण शिस्तभंगाच्या नोंदवह्या उघडल्या की चित्र उलटे दिसते. अमेरिकेतील टेक्सास राज्यात डोरोथी मॅक्लेलन या संशोधक बाईंनी २७१ पुरुष आणि २४५ स्त्री कैद्यांच्या एका वर्षाच्या नोंदी तपासल्या. हा अभ्यास १९९४ साली प्रसिद्ध झाला. वर्षभरात एकही तक्रार नाही किंवा फार तर एकच, असे पुरुष ६३.५ टक्के निघाले. आणि स्त्रिया? अवघ्या १७.१ टक्के!

आता या बायकांचे अपराध कोणते, तेही पाहा. न्हाणीघरात दुसरीला थोडा शांपू देणे किंवा तिची सिगारेट पेटवून देणे ही 'बेकायदा देवघेव'. उसनी घेतलेली फणी, जास्तीची उशीची खोळ ही 'निषिद्ध वस्तू'. याशिवाय गोळ्यांच्या रांगेत बोलणे, ताटातले अन्न न संपवणे, आतले कपडे वाळत घालणे. आपल्याकडे चाळीत यातल्या निम्म्या गोष्टींना शेजारधर्म म्हणतात. पुरुषांच्या तुरुंगात असल्या बारीकसारीक गोष्टींची नोंद क्वचितच होत असे.

हे जुने झाले म्हणावे, तर २०१८ साली तिथल्या नॅशनल पब्लिक रेडिओने १५ राज्यांच्या नोंदी तपासल्या. त्यांपैकी १३ राज्यांत शिस्तभंगाची कारवाई होण्याचे प्रमाण स्त्रियांमध्ये पुरुषांपेक्षा जास्त होते, आणि तीही मुख्यतः उलट बोलणे, हुकूम न ऐकणे अशा किरकोळ कारणांवरून.

म्हणजे निम्मे उत्तर पाहणाऱ्याच्या डोळ्यात आहे. पुरुषाने शिवी दिली तर 'चालायचेच', बाईने आवाज चढवला तर 'उद्धट'. हे आपण घरातही करतो.

उरलेले निम्मे मात्र वैद्यकाच्या प्रांतात येते. अमेरिकी सरकारच्या २००६ च्या अहवालानुसार राज्यांच्या तुरुंगांतील ७३ टक्के स्त्रियांना आणि ५५ टक्के पुरुषांना मानसिक आरोग्याच्या तक्रारी होत्या. नियमभंगाचा ठपका अशा तक्रारी असलेल्या ५८ टक्के कैद्यांवर आला होता, तर नसलेल्यांपैकी ४३ टक्क्यांवर. त्याआधीच्या १९९९ च्या अहवालात तर निम्म्याहून अधिक, ५७ टक्के स्त्रियांनी पूर्वी मारहाण किंवा लैंगिक अत्याचार सोसल्याचे सांगितले होते. पुरुषांत हे प्रमाण १६ टक्के होते.

अशा अनुभवातून गेलेल्या शरीराला एक सवय लागते, ती म्हणजे सतत सावध राहण्याची. मागून पाऊल वाजले की छाती धडधडते, कोणी अंगाला हात लावला की ती व्यक्ती झिडकारते, मोठ्याने ओरडले की ऐकलेले डोक्यात शिरत नाही. अंगझडतीच्या वेळी अशी बाई हात झटकते. पहारेकऱ्याच्या लेखी तो हुकूमभंग. डॉक्टरच्या लेखी ते लक्षण आहे! त्यातच पाळीचे दुखणे, रक्ताची कमतरता, अपुरी झोप आणि बाहेर राहिलेल्या लेकरांची काळजी. मग शिक्षा म्हणून भेट किंवा फोन बंद केला, की मन आणखी बिघडते आणि पुढची नोंद ठरलेली.

पुरुषांचा राग बहुधा दुसऱ्यावर निघतो, स्त्रियांचा पुष्कळदा स्वतःवरच. इंग्लंडमध्ये स्वतःला इजा करून घेण्याचे प्रमाण स्त्री कैद्यांमध्ये पुरुषांपेक्षा कितीतरी अधिक आढळले आहे. तिथल्या स्टायल तुरुंगात २००२-०३ मध्ये वर्षभराच्या आसपास सहा स्त्रियांचे मृत्यू झाले. त्यानंतर जीन कॉर्स्टन यांनी सरकारसाठी अहवाल लिहिला, तो २००७ साली प्रसिद्ध झाला.

इंग्रजांनी आपल्याकडे १८९४ साली केलेल्या तुरुंग कायद्यात स्त्रियांना फटके आणि बेड्या नाहीत, एवढी दया दाखवलेली आहे. पण त्याच कायद्यातील तुरुंगातल्या गुन्ह्यांच्या यादीत 'आजाराचे सोंग घेणे' हाही एक गुन्हा आहे. ताप काचेच्या नळीत दिसतो. घाबरेपणा, उदासी, पाळीतील वेदना कशात दिसणार? म्हणून सोंग की दुखणे, हा निवाडा पहारेकऱ्याने नव्हे, डॉक्टरने करायचा असतो. संयुक्त राष्ट्रांनी २०१० साली स्वीकारलेल्या बँकॉक नियमांत गरोदर स्त्रिया, अंगावर पाजणाऱ्या माता आणि तान्ह्या मुलांसोबत असलेल्या माता यांना एकांतकोठडी देऊ नये, तसेच शिक्षा म्हणून कुटुंबाशी, विशेषतः मुलांशी, संपर्क तोडू नये, असे स्पष्ट म्हटले आहे.

कोणाच्या नात्यातील बाई तुरुंगात असेल, कच्ची कैदी का असेना, तर एक काम जरूर करावे. तिचे मानसिक आजाराचे, फिट्सचे किंवा इतर कुठलेही औषध चालू असेल, तर डॉक्टरची जुनी चिठ्ठी कारागृहाच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांकडे लेखी अर्जासोबत द्यावी आणि अर्जाची पोच घ्यावी. अशी औषधे एकाएकी बंद झाली, की चिडचिड, थरथर, निद्रानाश सुरू होऊ शकतात, आणि तेच 'बेशिस्त' म्हणून वहीत चढते. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात मनोरुग्ण कैद्याला उपचारांसाठी योग्य ठिकाणी हलवण्याची तरतूद आहे. अर्ज कसा लिहायचा हे कळत नसेल, तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जावे. स्त्रियांना आणि कोठडीतील व्यक्तींना तिथे वकील मोफत मिळतो, उत्पन्नाचा दाखला लागत नाही.