गाईचं कॅल्शियम कासवाला चालतं का? डबा घेण्याआधी लेबलवर हे बघा

नंदुरबार आणि दोंडाईचाच्या मधलं रनाळे घ्या, किंवा तसं कुठलंही शेतीचं गाव. ढेप-सरकीच्या दुकानात दुभत्या जनावरांच्या कॅल्शियमची बाटली सहज मिळते. काचेच्या टाकीतल्या कासवासाठी कॅल्शियम मागितलं, तर मात्र दुकानदार गोंधळतो. मग गाईच्याच बाटलीतले दोन थेंब कासवाच्या खाण्यावर टाकावेत असं वाटतं.

टाकू नका. अडचण आहे फॉस्फरसची.

गाईसाठीच्या बहुतेक द्रवरूप कॅल्शियममध्ये फॉस्फरसही असतो. गाईला तो लागतो. पण सरपटणाऱ्या प्राण्यांच्या एकूण आहारात कॅल्शियम फॉस्फरसच्या साधारण दुप्पट असावं लागतं. किडे, मांसाचे तुकडे यांत आधीच उलटं असतं. नाकतोडे-रातकिड्यांत तर फॉस्फरस कॅल्शियमच्या कितीतरी पट. रक्तातलं कॅल्शियम कमी पडलं की शरीर ते हाडांतून काढून घेतं. मग जबडा रबरासारखा मऊ होतो, पाय वाकतात, कासवाची पाठ दाबली की दबते. वाकलेलं हाड पुन्हा सरळ होत नाही.

म्हणून लेबलवर पहिली गोष्ट बघायची ती 'फॉस्फरस नाही' ही. दुसरी, घटकांत कॅल्शियम कार्बोनेट आहे का. त्यात सुमारे ४० टक्के शुद्ध कॅल्शियम असतं, कॅल्शियम ग्लुकोनेटमध्ये फक्त ९ टक्क्यांच्या आसपास. पावडर मैद्यासारखी बारीक हवी, नाहीतर ती किड्याला चिकटतच नाही.

तिसरी गोष्ट सगळ्यात जास्त गोंधळाची: व्हिटॅमिन डी३. ते नसेल तर पोटात गेलेलं कॅल्शियम नीट शोषलं जात नाही. इग्वाना, बिअर्डेड ड्रॅगन, कासव हे प्राणी उन्हातल्या यूव्हीबी किरणांवर ते स्वतः तयार करतात. रोज थेट ऊन किंवा यूव्हीबी दिवा मिळत असेल, तर रोजच्या वापराला डी३ नसलेली पावडर घ्या. डी३वाली अधूनमधूनच. जास्त झालेलं डी३ बाहेर पडत नाही, साठतं, आणि मूत्रपिंडात कॅल्शियमचे थर बसू शकतात. माणसांच्या गोळ्यांतही बऱ्याचदा डी३ असतं, तेव्हा तीही कुटून घालू नका. आणि खिडकीच्या काचेतून येणारं ऊन हिशेबात धरू नका, काच यूव्हीबी अडवते. खानदेशच्या उन्हात टाकी उघड्यावर ठेवायची, तर अर्ध्या भागात सावली हवीच. नाहीतर प्राणी भाजून निघेल.

महागडा डबा मिळालाच नाही तर? काष्ठौषधीच्या दुकानात समुद्रफेन मिळतं. पिंजऱ्यातल्या पक्ष्यांना टोचायला देतात तेच. त्याची कडक बाजू काढून तुकडा पाण्यात सोडला की कासव कुरतडत बसतं. अंड्याचं कवच उकळून, वाळवून, वस्त्रगाळ केलं तरी कॅल्शियम कार्बोनेटच मिळतं. पानाचा चुना मात्र अजिबात नको. तो दाहक असतो, तोंड आणि अन्ननलिका भाजते.

इग्वाना शाकाहारी. त्याला शेवग्याचा पाला, जास्वंदीची पानं-फुलं द्या; पालक रोज नको, त्यातलं ऑक्झॅलेट कॅल्शियम अडवून धरतं. अख्खा उंदीर गिळणाऱ्या सापाला सहसा वेगळं काही लागत नाही, उंदराची हाडं पुरतात. किडे खाणाऱ्या पिल्लांना जवळपास प्रत्येक खाण्यावर पावडर, मोठ्यांना आठवड्यातून दोन-तीनदा.

पण मुळात तो प्राणी कुठला आहे? शेतात सापडलेलं तारा कासव, घोरपड किंवा मांडूळ घरात ठेवणं वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार गुन्हा आहे. कॅल्शियम शोधण्याऐवजी वन विभागाच्या १९२६ या हेल्पलाइनला फोन करा. इग्वानासारखे, आंतरराष्ट्रीय सायटीस कराराच्या यादीतले विदेशी प्राणी पाळत असाल, तर २०२४ च्या नियमांनुसार 'परिवेश २.०' पोर्टलवर नोंदणी बंधनकारक आहे. कानाजवळ लाल पट्टा असलेलं रेड-इअर्ड स्लायडर कंटाळा आला म्हणून तापीत सोडू नका. ते इथल्या कासवांच्या खाण्यावर आणि जागेवर डल्ला मारतं.

आणि जबडा मऊ लागतोय, पाय थरथरतायत, प्राणी खात नाही, असं दिसलं तर पावडरचा प्रयोग थांबवा आणि पशुवैद्यकांकडे न्या. गावच्या दवाखान्यात सरपटणाऱ्या प्राण्यांची सवय नसेल, तर त्यांनाच विचारून शहरातल्या जाणकार डॉक्टरांचा नंबर मिळवा. जाताना वापरत असलेला डबा आणि दिव्याचं खोकं सोबत न्या.