एकशे ऐंशी अब्जांची मोजदाद

वीस लिटर बिअर आंबवायला यीस्टच्या किती पेशी लागतात? घरी बिअर बनवणाऱ्यांमध्ये एक ठोकताळा चालत आला आहे. एल प्रकारच्या बिअरसाठी काढ्यात जितके टक्के साखर असेल, त्या प्रत्येक टक्क्यामागे दर मिलिलिटरला साडेसात लाख पेशी घ्यायच्या. मोड आणून वाळवलेल्या सातूचा, म्हणजे मॉल्टचा, गोड काढा १२ टक्क्यांचा धरा. २० हजार मिलिलिटर गुणिले १२ गुणिले साडेसात लाख. उत्तर येतं १८० अब्ज! पृथ्वीवरच्या एकूण माणसांच्या वीसपटींहून अधिक. आणि एवढा जमाव मावतो कुठे? पाण्याच्या एका पेल्यात. यीस्टच्या दाट गाळात मिलिलिटरमागे एक अब्जाहून जास्त पेशी असतात.

पण मोजायचंच कशाला? यीस्ट तर आपोआप वाढतं. चिमूटभर टाकून वाट पाहिली तर?

इथेच खरी गंमत आहे. यीस्टच्या पेशीवर कळी फुटते, ती मोठी होते आणि सुटी होते. या नव्या पेशीलाही आवरण लागतं आणि ते लवचीक राहायला स्टेरॉल नावाचे स्निग्ध रेणू लागतात. स्टेरॉल घडवायला ऑक्सिजन हवा. काढा तर नुकताच खळाखळा उकळलेला, त्यातला ऑक्सिजन उडून गेलेला! म्हणून तो गार झाल्यावर हलवून हलवून त्यात हवा मिसळतात. कितीशी? लिटरमागे ८ ते १० मिलिग्रॅम ऑक्सिजन पुरतो. वीस लिटरच्या पिंपात पाव ग्रॅमसुद्धा नाही, आणि काही तासांतच यीस्ट तो फस्त करतं. त्यानंतर आई आणि लेक साठवलेलं स्टेरॉल वाटून घेतात, पुढच्या कळीला पुन्हा वाटणी, पुन्हा वाटणी. वाटा फारच लहान झाला की कळ्या फुटणं थांबतं.

आता सुरुवातीलाच पेशी कमी टाकल्या तर? पिंप भरायला त्यांना जास्त पिढ्या काढाव्या लागतात. शेवटच्या पिढ्या दुबळ्या आवरणाच्या निघतात, दारू चढू लागली की त्या गळून जातात आणि साखर तशीच उरते. शिवाय बिअरचे बरेचसे वास या वाढीच्या धांदलीतच तयार होतात. धांदल फार झाली तर घशाला जाळणारी जड अल्कोहोलंही वाढतात. उलट पेशींची फारच गर्दी केली तर वाढ जवळपास होतच नाही आणि चव सपक होते. न दिसणाऱ्या जिवांची संख्या जिभेला कळते!

ती मोजतात कशी? सूक्ष्मदर्शकाखाली, चौकटी कोरलेल्या काचपट्टीवर. मधला चौरस १ मिलिमीटर बाजूचा आणि त्यावरचा द्राव ०.१ मिलिमीटर खोल, म्हणजे मिलिलिटरचा दहा हजारावा भाग. सोबत मिथिलीन ब्लूचा थेंब. जिवंत पेशी रंग आत येताच तो फिका करून टाकते. मेलेली निळीच राहते.

पण एवढ्याशा थेंबावरून अब्जांची खात्री कशी द्यायची? हा प्रश्न डब्लिनच्या गिनेस कंपनीत विल्यम गॉसेट या तरुणाने मनावर घेतला. चारशे चौकोनांतल्या यीस्टपेशी मोजून १९०७ मध्ये त्याने दाखवलं की मोजणीतली चूक साधारण मोजलेल्या आकड्याच्या वर्गमुळाइतकी असते. १०० पेशी मोजल्या तर चूक १०, म्हणजे दहा टक्के. ४०० मोजल्या तर चूक २०, म्हणजे पाचच टक्के. पिंप केवढंही असो! कंपनी स्वतःच्या नावाने लिहू देत नसे, म्हणून त्याने ‘स्टुडंट’ या नावाने लिहिलं. पुढच्याच वर्षी त्याच नावाने जी चाचणी आली, ती आज औषधं तपासणाऱ्यांपासून शेतीतज्ज्ञांपर्यंत सगळे वापरतात. संख्याशास्त्राचा एवढा मोठा दगड बिअरच्या कारखान्यात रचला गेला, हे मला अजूनही अद्भुत वाटतं.

सूक्ष्मदर्शक नसेल तर अंदाज बांधायचा. द्रव यीस्टच्या ताज्या पाकिटात साधारण १०० अब्ज पेशी असतात. जुना ठोकताळा सांगतो, फ्रिजमध्येही महिन्याला सुमारे वीस टक्के मरतात. महिनाभर जुन्या पाकिटात ८० उरल्या, हव्यात १८०. मग दह्यासारखं विरजण लावायचं, फक्त या विरजणालाच आधी वाढवायचं. सतत ढवळत ठेवलेल्या पातळ काढ्यात मॉल्टच्या १ ग्रॅम पुडीमागे सुमारे १.४ अब्ज नव्या पेशी मिळतात. १०० अब्जांसाठी ७० ग्रॅमच्या थोडं वर मॉल्ट पुरतो. लिटरला १०० ग्रॅम या मापाने पाऊण लिटरहून कमीच काढा झाला.

लागर बिअर मात्र थंडीत आंबते. थंडीत पेशी सुस्तावतात, म्हणून तिला दुप्पट हव्यात, ३६० अब्ज. त्याच पाकिटातून आणखी २८० अब्ज काढायच्या तर २०० ग्रॅम मॉल्ट आणि दोन लिटरचं विरजण. ते वाढलं की फ्रिजमध्ये ठेवायचं. यीस्ट तळाशी बसतं, वरचं पाणी ओतून द्यायचं आणि खालचा दाट पांढरा गाळ तेवढा पिंपात घालायचा.