स्वदेशाभिमान आणि स्वदोषदर्शन : गोमंतकीय परंपरेचा आढावा

देशाचा अभिमान बाळगणाऱ्याने आपल्या समाजाची उणी चव्हाट्यावर आणू नयेत, तसे केल्याने परक्याच्या हाती कोलीतच मिळते, असा सिद्धांत आमच्याकडील काही विद्वान आजही हिरिरीने मांडतात. परंतु परकी अंमल छातीवर बसलेला असताना ज्यांनी त्याच्याशी झुंज घेतली, त्यांतलेच कित्येक स्वसमाजाचे सर्वांत कठोर परीक्षक होते, याचा या मंडळींना सोयीस्कर विसर पडतो.

लोकहितवादी, फुले, आगरकर यांची परंपरा वाचकांस विदितच आहे. गोमंतकात लुईस द मिनेझिस ब्रागांझा यांनी पोर्तुगीज भाषेतूनच राजसत्तेची व धर्मसत्तेची झडती घेतली आणि १९३० साली गोमंतकीयांच्या स्वयंनिर्णयाचा हक्क कायदेमंडळात मांडला. त्रिस्तांव द ब्रागांझा कुन्हा यांनी १९४४ साली गोमंतकीयांच्या अराष्ट्रीयीकरणावर पुस्तिका लिहिली, तीत सारा दोष राज्यकर्त्यांच्या माथी मारून ते मोकळे झाले नाहीत. परक्याच्या अनुकरणात धन्यता मानणाऱ्या आपल्याच सुशिक्षितांनाही त्यांनी जाब विचारला. अशा माणसाला १९४६ साली लष्करी न्यायालयाने आठ वर्षांची शिक्षा ठोठावून पोर्तुगालमधील पेनिशच्या किल्ल्यात धाडले, हे लक्षात घेतले म्हणजे स्वदोषदर्शनाला देशद्रोह ठरविणाऱ्यांचे तोंड बंद व्हावे.

मला मात्र या परंपरेचा मुकुटमणी वाटतात ते राजाराम रंगाजी पैंगिणकर, आणि हे मी वर्षानुवर्षे सांगत आलो आहे. कलावंत समाजात जन्मलेल्या या पुरुषाने १९६९ साली प्रसिद्ध केलेल्या आत्मचरित्राला ‘मी कोण?’ असे नाव देऊन जो प्रश्न घरातल्या घरातही दबक्या आवाजात विचारला जाई, तो ग्रंथाच्या शिरोभागी घातला. देवळांच्या ज्या वैभवाकडे बोट दाखवून आम्ही आमची संस्कृती मिरवतो, त्याच देवळांच्या सेवेत, मुलीला देवाला वाहण्याच्या शेंसविधीने जखडलेल्या मुलींचे जिणे त्यांनी उघडे केले, आणि तेवढ्यावर न थांबता समाजबांधवांना संघटित करून ती चाल मोडण्यासाठी देह झिजविला. हे लेखन त्वेषाचे असूनही द्वेषाचे नाही. समाज आपला मानल्यावाचून असा संताप येत नाही.

आणि आज? आमच्या कारापुरात, विठ्ठलापूरच्या घाटाखाली त्रिपुरारीच्या रात्री सजविलेल्या नौका वाळवंटी नदीवर सोडल्या जातात, तेव्हा व्यासपीठावरून अस्मितेचा गजर होतो. पण याच डिचोली महालातील डोंगर कोणी पोखरले, खाणीच्या ढिगांवरून उतरलेल्या तांबड्या चिखलाने शेते कोणी बुजविली, याचा उच्चार कोणी करीत नाही, कारण खाणवाले आपलेच, मालवाहू ट्रकही आपल्याच दारचे. पोर्तुगीज अमदानीतले खाणपरवाने मुक्तीनंतरही चालू राहिले, आणि १९७७ सालीच पुंडलीक नायकांनी ‘अच्छेव’ या कोंकणी कादंबरीत खाणीने नासलेले गाव दाखविले असतानाही आम्ही जागे झालो नाही. अखेर २०१२ साली सर्वोच्च न्यायालयाला खाणी थांबवाव्या लागल्या.

परक्याचे राज्य १९६१ साली गेले, तेव्हाच कोलिताची सबबही निकालात निघाली. आता तरी तरुण लेखकांनी गोमंतकाची थोरवी गाणाऱ्या लेखणीनेच त्याची पापेही नोंदवावीत. पैंगिणकरांचा वारसा सांगण्याचा अधिकार त्याशिवाय मिळत नाही.