सॉफ्टवेअरचं पहिलं गिऱ्हाईक कुठे सापडतं?

सॉफ्टवेअर तयार आहे, पण पैसे देणारं कुणी मिळत नाही? बोईसर-पालघरच्या मुलांनो, आधी काटकर बंधूंची गोष्ट वाचा. रहिमतपूरचे कैलास काटकर पुण्यात कॅल्क्युलेटर आणि मग संगणक दुरुस्त करायचे. दुरुस्तीला येणारे संगणक व्हायरसने बेजार झालेले असत. धाकट्या संजयने त्यावर इलाज लिहिला आणि १९९०च्या दशकात 'क्विक हील' आलं. दुखणं आधी दुकानात आलं, औषध नंतर. मला हा क्रमच फार मोलाचा वाटतो.

तारापूर एमआयडीसीत अशी दुखणी भरपूर आहेत. २०१६च्या नियमांनुसार कारखान्याला घातक कचरा साधारण ९० दिवसच साठवता येतो. त्याची नोंदवही ठेवावी लागते, वार्षिक विवरण ३० जूनपर्यंत भरावं लागतं. हे सांभाळणाऱ्या माणसाशेजारी दोन दिवस बसा, त्याची वही बघा. मालकाला डेमो नंतर दाखवा.

आणि फुकट देऊ नका! थोडे का होईना, पैसे घ्या. पैसे मोजलेला माणूस काही अडलं की हक्काने फोन करतो; त्या फोनांतूनच सॉफ्टवेअर सुधारतं. पहिल्या तीन गिऱ्हाइकांकडे तरी स्वतः जा, तेही पाळी बदलायच्या वेळी.