चहात लपवलेली गोळी: व्यक्तिमत्त्व विकारांचे गैरसमज आणि वस्तुस्थिती

अकोल्याजवळच्या बाळापूरसारख्या गावात सगळ्यांना सगळ्यांचा स्वभाव ठाऊक असतो. कुणी शेजाऱ्यानं धुरा कोरल्याचा राग वर्षानुवर्षं मनात धरतो आणि घरच्यांवरही संशय घेतो. कुणाला माणसांची ओढच नसते, शेतात एकटं असलं की बरं वाटतं. कुणाला रस्त्यानं जाणाऱ्यांचं हसणंही आपल्यासाठीच आहे असं वाटत राहतं, बोलणं-वागणं चमत्कारिक होतं. असं वळण तरुणपणापासून पक्कं बसलं आणि त्यानं नाती, कामधंदा विस्कटू लागला, तर डॉक्टर त्याला अनुक्रमे पॅरानॉइड, स्किझॉइड आणि स्किझोटायपल व्यक्तिमत्त्व विकार म्हणतात. उपचार आहेत, पण गैरसमज माणसाला त्यांच्यापर्यंत पोहोचू देत नाहीत.

गैरसमज: स्वभावाला औषध नाही.
वस्तुस्थिती: व्यक्तिमत्त्व विकार बरा करणारी गोळी नाही, हे खरं. पण इथे मुख्य उपचार संवादाचा आहे. संशयी माणसाशी समुपदेशक वाद घालत नाही, त्याच्या संशयाला होही म्हणत नाही. आपण काय लिहून घेतो, का विचारतो, हे उघड सांगतो. भरवसा बसल्यावरच विचारतो, ‘या गोष्टीचं दुसरं काही कारण असू शकेल का?’ एकलकोंड्या माणसावर जवळीक लादली जात नाही, त्याला झेपेल तेवढाच संपर्क हळूहळू वाढवला जातो. याला महिने, कधी वर्षं लागतात.

गैरसमज: मग गोळ्या घेऊन उपयोगच नाही.
वस्तुस्थिती: सोबत नैराश्य किंवा तीव्र चिंता असेल, तर त्यावरच्या औषधांनी फरक पडतो. स्किझोटायपल विकारात कमी मात्रेतल्या मनोविकारविरोधी औषधांचा काहींना फायदा होतो. २००३ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या रिस्पेरिडोनच्या चाचणीत लक्षणं कमी झालेली दिसली, मात्र त्यात २५ जणच होते. स्किझॉइड विकारासाठी असा आधार असलेलं औषध नाही. मनोविकारविरोधी औषधांचं व्यसन लागत नाही, पण वजन आणि साखर वाढू शकते, म्हणून तपासण्या हव्यात. झोपेच्या गोळ्यांची सवय लागू शकते. त्या आपल्या मनानं चालू ठेवू नयेत.

गैरसमज: ऐकत नसेल तर चहात, भाजीत गोळी कालवून द्यावी.
वस्तुस्थिती: घरच्यांची हतबलता खरी असते, पण यासारखं घातक दुसरं काही नाही. ‘हे माझ्या जेवणात काहीतरी घालतात’ हा ज्याचा संशय, त्याच्या हाती आपण पुरावाच देतो. मग तो घरचं अन्न, डॉक्टर आणि औषध, तिन्ही नाकारतो. उपचारांची माहिती मिळणं आणि ती गुप्त राहणं हा २०१७च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानं रुग्णाला दिलेला हक्क आहे. ‘तुला डॉक्टरला दाखवू’ म्हणण्यापेक्षा ‘तुला झोप लागत नाही, त्याचं विचारून येऊ’ असं त्याच्या त्रासापासून सुरुवात करून खरं बोलावं.

गैरसमज: ही करणी आहे, बाहेरची बाधा आहे.
वस्तुस्थिती: नजर लागते असं मानणं हा आजार नव्हे. सगळं गाव जे मानतं त्यावरून डॉक्टर निदान करत नाहीत. पण माणूस त्या विचारांत एकटा पडू लागला, तर तपासणी हवी. वऱ्हाडातली अनेक कुटुंबं अशा वेळी आधी बुलढाणा जिल्ह्यातल्या सैलानीला जातात. श्रद्धा सोडा, असं कुणी म्हणत नाही. गुजरातेत उनावा इथल्या मीरा दातार दर्ग्यात दुआ आणि दवा सोबत चालल्या आहेतच. मात्र भूत उतरवण्यासाठी दोरखंडानं बांधणं, मारहाण करणं हा महाराष्ट्रात २०१३च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं गुन्हा आहे.

गैरसमज: लग्न करून दिलं की सुधारेल.
वस्तुस्थिती: लग्न हा उपचार नाही. ज्याला जवळीकच नको त्याच्यावर त्यानं ओझं पडतं आणि संशयी माणसाचा संशय जोडीदारावर येतो. भरडलं जातं ते दुसऱ्या घरातून आलेलं माणूस.

गैरसमज: पुढे स्किझोफ्रेनिया होणारच.
वस्तुस्थिती: स्किझोटायपल विकाराचं स्किझोफ्रेनियाशी नातं आहे, तरी बहुतेकांना तो होत नाही. आवाज ऐकू येऊ लागले किंवा पक्के भ्रम दिसले तर मात्र थांबू नये. गांजानं हा धोका वाढतो, त्यापासून दूरच राहावं.

बाळापूरहून अकोला सुमारे २५ किलोमीटर. तिथल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या सर्वोपचार रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे. टेली-मानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर घरच्यांनाही सल्ला विचारता येतो. अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत ‘विश्राम’ उपक्रमात ओळखीच्या गावकऱ्यांनीच नैराश्याविषयी बोलायला सुरुवात केली, तेव्हा मदत घेणाऱ्या नैराश्यग्रस्तांचं प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेलं. आजार वेगळा, पण विश्वासाचं माणूस मध्ये असलं की वऱ्हाडी माणूस उपचार घेतो, हे त्यातून दिसलं. संशयानं ग्रासलेल्यासाठी ते माणूस घरातलंच असावं, आणि त्यासाठी घरच्यांनी त्याच्याशी एकदाही खोटं बोलू नये.